डाळ कधी शिजते, कधी शिजत नाही

काकू, नमस्कार. आमचं जुळे सोलापुरात तीन मजली घर आहे. दोघं भाऊ आणि आम्ही जावा एकत्रच राहतो. महापालिकेचं पाणी चार-पाच दिवसांनी येतं, मधल्या दिवसांत बोअर. तुरीची डाळ कधी तीन शिट्ट्यांत लोण्यासारखी होते, कधी सात शिट्ट्या झाल्या तरी दाणा न् दाणा वेगळा. गिझरची कॉइल दोन वर्षांत दोनदा गेली. नळांवर पांढरे थर बसलेत. मे महिन्यात पाण्याला मातकट वास येत होता. गेल्या आठवड्यात पाणी आलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी सासऱ्यांना जुलाब लागले. सासूबाई म्हणतात बोअरच्या पाण्यानं मुतखडा होतो, जाऊ म्हणते केस गळतात. तिचं चार महिन्यांचं बाळ आहे, त्याला पावडरचं दूध चालू आहे. परवा एक मशीनवाला आला. मीटर बुडवून ११८० आकडा दाखवला आणि दोन पेल्यांत रॉड घालून आमचं पाणी गटारासारखं करून दाखवलं. सासरे घाबरलेत. आरओ मशीन १९ हजारांचं आहे, सूट रविवारपर्यंत. मागे शेजारच्यांचं मीटर मी आमच्या नळाला लावलं होतं, तेव्हा मात्र ४१० आलं होतं. घ्यावं का?
– एक वाचक, जुळे सोलापूर

अगं, सगळ्यात कामाची गोष्ट तू शेवटी जाता जाता लिहिलीस. एकदा ४१०, एकदा ११८०. एकाच पाण्यातले क्षार असे तिप्पट होत नाहीत. तुमच्या नळाला दोन वेगळी पाणी येतात, एवढाच त्याचा अर्थ. गच्चीवर टाकी एकच असणार. महापालिकेचं पाणी आलं की ते तिच्यात चढवता, तळ दिसायला लागला की तिच्यातच बोअर सोडता. बरोबर ना? मशीनवाला आला तो बोअरचा दिवस होता, शेजारचं मीटर आणलंस तो महापालिकेचा.

डाळ तुला हेच सांगत होती. डाळीच्या पेशी एकमेकींना धरून ठेवणारं पेक्टिन नावाचं द्रव्य असतं. ते सुटलं की डाळ गळते. जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम या पेक्टिनला आणखी आवळून धरतं, मग तू कितीही शिट्ट्या कर. आपल्याकडे खाली सगळा दख्खनचा काळा दगड. त्याच्या भेगांमध्ये पाणी वर्षानुवर्षं मुरत बसतं आणि दगडातले क्षार उचलतं. बोअर जितकं खोल, तितकं पाणी बहुतेक वेळा जड. नदीच्या पाण्याचा दगडाशी इतका जुना सहवास नसतो.

खात्री करायची असेल तर मीटरही नको. एका बाटलीत बोअरचं पाणी घे, दुसरीत महापालिकेचं, दोन्ही अर्ध्या भरलेल्या. प्रत्येकीत अंगाच्या साध्या साबणाचा नखभर किस टाकून जोरात हलव. कपड्यांची पावडर घेऊ नकोस, ती जड पाण्यातही फेसाळते. एकीत वर फेस उभा राहील. दुसरीत फेस जेमतेम, आणि फुटलेल्या दुधासारखा साका तरंगेल. तुझ्या बादलीच्या काठाला चिकटतो तो पांढरा चिकट थर हाच.

आता आकड्यांचं. भारतीय मानक ब्युरोच्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, विरघळलेल्या एकूण क्षारांची, ज्याला सगळे टीडीएस म्हणतात त्याची, इष्ट मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्यायला मुभा आहे. जडपणाची मर्यादा २००, आणि नाइलाज असेल तर ६००. म्हणजे तुझं ४१०चं पाणी क्षारांच्या बाबतीत पास आहे. ११८०चं पाणी विष नव्हे, पण पिण्यास्वयंपाकाला जवळ चांगलं पाणी असताना ते कशाला वापरायचं?

तेव्हा माझं पहिलं उत्तर मशीनचं नाही, प्लंबरचं आहे. गच्चीवर पाचशे लिटरची दुसरी टाकी ठेव. तिच्यात फक्त महापालिकेचं पाणी, आणि तिचा पाईप फक्त स्वयंपाकघरात. बोअर जुन्या टाकीत, तिथून संडास, न्हाणीघर, धुणं. दोन पाईपांच्या मध्ये 'अडीअडचणीला असू दे' म्हणून कॉक बसवायला प्लंबर सुचवेल. बसवू देऊ नकोस. अडचण पहिल्याच आठवड्यात येते, कुणीतरी तो कॉक उघडतं, आणि बंद करायचं कुणाच्याच लक्षात राहत नाही. घरात माणसं जास्त असतील आणि पाचशे लिटर पाच दिवस पुरत नसेल तर टाकी मोठी घे, पण वेगळीच घे.

टाकी बसेपर्यंत, पाणी आलं की पिण्याचं आणि डाळ-भाजीचं वेगळं भरून ठेव. बोअरमध्ये डाळ शिजवायची वेळ आलीच तर रात्रभर मिठाच्या पाण्यात भिजव, ते पाणी ओतून दे आणि मग शिजव. सोडियम डाळीतल्या कॅल्शियमची जागा घेतं आणि दाणा मऊ पडतो. चिंच-टोमॅटो डाळ गळल्यावरच घाल, आंबटानंही ती अडते. खायच्या सोड्याची चिमूट लवकर काम करते, पण त्यानं डाळीतलं ब१ जीवनसत्त्व जातं. रोज नको.

आता तो पेल्यांचा खेळ. मागे आमच्याही दारात असाच एकजण आला होता. खोक्यातून रॉडांच्या दोन जोड्या काढल्या. एक पेला आमच्या नळाचा, एक त्याच्या बाटलीतला. वीज लावली, आणि मिनिटभरात आमचं पाणी आधी हिरवट, मग तांबूस-काळं, वर फेसकट साका. त्याचं पाणी जसंच्या तसं. मी शाळेत विज्ञान शिकवलेली बाई. आत गेले, मिठाची चिमूट आणली आणि त्याच्या 'शुद्ध' पेल्यात ढवळली. म्हटलं, आता घाला रॉड. त्याचंही पाणी तसंच काळं झालं. बिचारा गडबडला. "काकू, तुम्ही सायन्सच्या का?"

त्या जोडीतला एक रॉड लोखंडाचा असतो. पाण्यात क्षार असले की वीज वाहते, वीज वाहिली की लोखंड झिजून पाण्यात उतरतं. पेल्यात दिसतो तो घाण रंग त्या रॉडाचा गंज आहे, तुमच्या पाण्यातली घाण नव्हे. आरओच्या पाण्यात क्षारच नाहीत, म्हणून वीज वाहत नाही आणि रंग येत नाही. हे सासऱ्यांना समजावून सांग. ते पाण्याला घाबरलेत, घाबरायचं कारण दुसरंच आहे.

ते कारण म्हणजे त्यांचे जुलाब. टीडीएसचं मीटर पाण्यातून वीज किती सहज वाहते ते मोजतं आणि त्यावरून क्षारांचा अंदाज देतं. जंतूंबद्दल ते अवाक्षर बोलत नाही. गटाराचं पाणी मिसळलेल्या नळालाही मीटर ४५० दाखवेल आणि मशीनवाला म्हणेल, ठीक आहे.

तुझ्या पत्रातली तारीख बघ, पाणी आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी जुलाब. आपल्याकडे नळ चार-पाच दिवस कोरडा असतो तेव्हा जमिनीखालचा पाईपही रिकामा असतो. त्या पाईपला कुठे चीर असेल, आणि शेजारून गटार जात असेल, तर रिकाम्या पाईपमध्ये बाहेरचं पाणी झिरपत राहतं. पाणी सुटलं की तो सगळा मामला सगळ्यात आधी तुमच्या नळाला येतो. त्यात लाईनला थेट मोटर लावायची सवय. मोटर पाण्याबरोबर चिरेतला गाळही ओढते. जुन्या पेठांमध्ये तर घरगुती कनेक्शनचा पाईप गटारीतूनच गेलेला दिसतो. तुमची वसाहत त्या मानानं नवी आहे, तरी एकदा दारासमोरचा पाईप कुठून आत येतो ते स्वतः वाकून बघ.

पाणी आलं की पहिली पाच-सात मिनिटं ते टाकीत घेऊ नकोस. बादल्यांत भर आणि संडासाला, अंगण धुवायला वापर. मग काचेच्या पेल्यात पाणी धरून उजेडात बघ. पाणी दुधासारखं पांढरं दिसलं आणि खालून वर स्वच्छ होत गेलं, तर ती नुसती हवा, घाबरायचं कारण नाही. वरून स्वच्छ होत तळाशी काही बसलं, तर तो गाळ. आणि वास गटाराचा असेल तर तुझ्याकडचं कुठलंच मशीन त्यावर उपाय नाही. ते पाणी भरूच नकोस. शेजारच्या दोन-तीन घरी विचार. सगळ्यांकडे तसंच असेल तर मिळून झोन कार्यालयात तक्रार द्या आणि नळावर ओटी टेस्ट करून मागा. पाण्यात थेंब टाकला की क्लोरीन असेल तर पाणी पिवळं होतं. नळाशी लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरायला हवं. रंगच आला नाही, तर तो क्लोरीन वाटेत कुठल्यातरी घाणीनं खाल्लेला असतो. शेजाऱ्यांकडे ठीक आणि फक्त तुमच्याकडेच त्रास असेल, तर टाकीचं झाकण उघड.

आमच्या टाकीचं झाकण एकदा उन्हानं तडकलं होतं. महिना-दीड महिना कुणाचं लक्षच नव्हतं. उघडलं तर कडेला कबुतराची पिसं आणि आत… असो. तेच पाणी आम्ही पीत होतो. टाकी दर तीन-चार महिन्यांनी घासून घे, तळाचा गाळ पूर्ण काढ, मग हजार लिटर पाण्यात दीडशे ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर मिसळून रात्रभर ठेव. सकाळी नळ सोडून ते सगळं वाहू दे, एकदा धुऊन घे, मग भर. हे प्रमाण टाकी धुण्याचं आहे, पिण्याचं नाही. बोअरची टाकी घासताना क्षाराचे थर निघत नाहीत म्हणून लोक संडासाचं ॲसिड ओततात आणि वर ब्लीचिंग पावडर टाकतात. दोन्ही एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो. बंद टाकीत उतरलेल्या माणसाच्या जिवावर बेतेल असा. कधीही नाही.

पावसाळ्यात गढूळ आलं तर तुरटी फिरव, पण पाणी निवळलं म्हणजे शुद्ध झालं असं नाही. तुरटीनं गाळ खाली बसतो, जंतू बरेचसे तसेच राहतात. आधी निवळव, वरचं गाळून घे, मग उकळ. उकळी फुटल्यावर मिनिटभर खळखळू दे. गढूळ पाण्यातच मेडिक्लोर, म्हणजे जंतू मारायचं क्लोरीनचं औषध, टाकलं तर ते गाळातच खर्ची पडतं. आणि थेंब टाकल्यावर अर्धा तास थांब, लगेच पेला भरायचा नाही.

मे महिन्यातला मातकट वास ही वेगळी गोष्ट आहे. त्याचं मूळ शंभरेक किलोमीटरवर, उजनीत. पुण्या-पिंपरीचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून धरणात येतं, त्यात शेवाळाचं खतपाणी असतं. उन्हाळ्यात धरण मायनसमध्ये जातं, म्हणजे उपयुक्त साठा संपून सुमारे ६३ टीएमसीच्या मृतसाठ्यातून उपसा चालतो. पाणी कमी, ऊन कडक, शेवाळ जोरात. नील-हरित शेवाळ जिओस्मिन नावाचं द्रव्य सोडतं. पहिल्या पावसात मातीला जो वास येतो तोही याचाच, आणि आपलं नाक तो अगदी कणभरानंही टिपतं. पाकणी किंवा सोरेगावच्या केंद्रात पाणी गाळून क्लोरीन देऊन येतं, तरी हा वास पूर्ण जात नाही. त्याला उपाय कोळशाचा, ॲक्टिवेटेड कार्बनचा फिल्टर. वास नकोसा वाटतो, पण सासऱ्यांच्या पोटाशी त्याचा संबंध जोडू नकोस.

मग मशीन कुठलं? महापालिकेचं पाणी वेगळं ठेवलंस तर तुला आरओची गरज नाही. कार्बन, त्यावर यूएफ (अतिसूक्ष्म छिद्रांची गाळणी) आणि यूव्ही (अतिनील किरणांचा दिवा) असं साधं मशीन पुरे. यूव्हीच्या उजेडात जंतू मरतात, पण पाणी गढूळ असेल तर गाळाच्या आडोशाला ते वाचतात, म्हणून त्याच्या आधीचा गाळणीचा फिल्टर वेळेवर बदल. राष्ट्रीय हरित लवादानं २०१९ मध्ये ५०० पेक्षा कमी टीडीएसच्या पाण्याला आरओ लावू नये असं सांगितलं, त्यामागचं एक कारण वाया जाणारं पाणी. घरगुती आरओ एक लिटर गाळताना दोन-तीन लिटर सांडतं. चार दिवसांनी पाणी येणाऱ्या गावात ते मला तरी बघवत नाही. घेतलंच, आणि बोअरवर लावलंस, तर सांडलेलं पाणी फरशीला वापर, तुळशीला घालू नकोस, त्यात क्षार आणखी वाढलेले असतात. वर्षातले महिना-दोन महिने बोअरच प्यावं लागत असेल तरच आरओ लाव. सूट रविवारी संपते तशी पुढच्या रविवारीही संपेल.

थंड पाण्याच्या जारवर जाऊ नकोस. सील नाही, तारीख नाही, जार कुठे धुतला ते कुणाला ठाऊक नाही.

गिझरला बोअरचंच पाणी जाणार, तेव्हा पांढरा थर बसत राहील. त्याचा भराव कॉइलवर चढला की कॉइल आतल्या आत जळते. तापमान ५०-५५ वर ठेव, जितकं गरम तितका थर जास्त. वर्षातून एकदा मेकॅनिककडून टाकी उघडून थर काढून घे आणि आतला मॅग्नेशियमचा रॉड संपला असेल तर बदल. नळांवरचे थर लिंबूसत्त्वाच्या पाण्यात भिजवलेला कपडा अर्धा तास गुंडाळून ठेवलास की निघतात, ॲसिडनं नळाचं पॉलिश जातं. पूर्ण बोअरलाच सॉफ्टनर लावायचा असेल तर लाव, कपडे आणि गिझर दोन्हीला बरं. पण सॉफ्टनर क्षार काढत नाही, कॅल्शियमच्या जागी सोडियम देतो. घरात रक्तदाबाचं माणूस असेल तर ते पाणी पिण्याला नको. पाईपवर चिकटवायचे चुंबक विकतात, त्यावर माझा विश्वास नाही.

सासूबाईंना सांग, जड पाण्यानं मुतखडा होतो असं सिद्ध झालेलं नाही. सोलापूरच्या उन्हात कमी पाणी पिण्यानं मात्र नक्की धोका वाढतो. जावेच्या केसांचं: जड पाण्यात साबणाचा साका केसांवर बसतो, ते राठ होतात, तुटतात. शेवटचा तांब्या महापालिकेच्या पाण्याचा घ्यावा. टक्कल पडण्याचं कारण दुसरीकडे शोधावं.

राहिलं बाळ, आणि त्याचीच मला खरी काळजी आहे. शेतीतलं खत आणि शोषखड्डे यांमुळे बोअरच्या पाण्यात नायट्रेट उतरतं. त्याला ना चव ना वास ना रंग, आणि टीडीएस मीटरला ते वेगळं कळत नाही. मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम, आणि त्यात सूट नाही. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद त्यानं कमी होते, ओठ-नखं निळसर पडतात. उकळून ते जात नाही, उलट पाणी आटून वाढतं. तेव्हा आजपासून पावडरीचं दूध बोअरच्या पाण्यात कालवायचं नाही, महापालिकेचं वेगळं भरून, उकळून घ्यायचं. पावडरीची गरज आहे का, हेही जावेनं बालरोगतज्ज्ञांना एकदा विचारावं. आणि बाळाचे ओठ निळसर वाटले तर पाण्याचा रिपोर्ट येण्याची वाट न बघता दवाखाना गाठायचा.

बोअरचा नमुना भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत दे. क्षार, जडपणा, नायट्रेट, फ्लोराइड यांसाठी लिटरभर पाणी, बाटली त्याच पाण्यानं दोन-तीनदा खळखळून. जंतूंसाठी नमुना वेगळा. त्याची निर्जंतुक बाटली त्यांच्याकडूनच घे, नळाचं तोंड आधी जाळून किंवा स्पिरिटनं पुसून पाणी भर, आणि बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचव. आदल्या दिवशी भरलेली बाटली नेलीस तर रिपोर्ट बाटलीचा येईल, पाण्याचा नाही.

भरून ठेवलेल्या बॅरलवर झाकण घट्ट लाव आणि आठवड्यातून एकदा सगळी रिकामी करून आतून घासून उन्हात पालथी घाल. डेंग्यूचा डास स्वच्छ साठवलेल्या पाण्यातच अंडी घालतो, आणि अंड्यापासून डास व्हायला त्याला आठ-दहा दिवस पुरतात. पाणी येण्याच्या आदल्या दिवशी घासलीस तर पाणीही वाया जाणार नाही. रिपोर्ट आला की नायट्रेट आणि फ्लोराइड हे दोन आकडे मला कळव, आणि त्या कागदाचा फोटो प्लंबरला नको, बाळाच्या डॉक्टरांना दाखव.